पेटीतलं बाळ, सातव्या वर्षीचं बीपी आणि आजीचे डिंकाचे लाडू

मागच्या अंकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की अशा मुलांचं बीपी लहानपणापासून बघत जा. बाकी लेखाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, पण त्या एका वाक्यावर भरपूर पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर "आमचं पोर तर आता ठणठणीत आहे, मग हे काय नवीन काढलंत" असा. म्हणून या वेळची पानं त्यालाच दिली. पत्रं छोटी केलीयेत, नावं काढलीयेत.

प्रश्न : माझा मुलगा तिसाव्या आठवड्यात झाला, वजन १ किलो २०० ग्रॅम, महिन्याच्या वर पेटीत होता. आता सात वर्षांचा आहे, दिवसभर उड्या चालू. सोसायटीत कॅम्प होता तिथे सहज बीपी बघितलं तर ११८/७६ आलं. तिथल्या ताई म्हणाल्या नॉर्मल आहे, १२० असतंच की. पण मुलांच्या डॉक्टरांनी आकडा ऐकून लगेच बोलावलं. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोराला कुठलं आलंय बीपी. कोणाचं ऐकू? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : डॉक्टरांचं ऐका. आणि सासूबाईंवर रागावू नका, लहान मुलाला बीपी असू शकतं हे आपल्याकडे चांगल्या शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. मुलांचं बीपी १२०/८० शी लावून बघायचंच नसतं, ते वय, मुलगा की मुलगी, आणि उंची यावर ठरतं, त्याचे तक्ते असतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये हे तक्ते सुधारले, त्यात सात वर्षांच्या मुलाचा आकडा १०६/६८ ला पोचला की पूर्ण तक्ता उघडून बघा असं सांगितलंय. मोठ्यांसारखा १२०/८० चा हिशोब १३ वर्षांनंतर सुरू होतो. म्हणजे तुमच्या मुलाचं ११८ सोडून देण्यासारखं नाहीये. पण कॅम्पातल्या एका आकड्यावरून पोराला बीपीचा पेशंट ठरवायचं पण नाहीये, वेगवेगळ्या दिवशी तीनदा बघायचं आणि तिन्ही वेळा जास्त आलं तरच तसं म्हणायचं.

बघायची पण रीत आहे. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर (लोंबकळत नाही), उजवा हात छातीच्या उंचीला, गप्पा नाहीत, मोबाइल नाही. लघवी लागलेली असेल तर आधी जाऊन येऊ दे. आणि पट्टा त्याच्या दंडाच्या मापाचा हवा, आतली हवेची पिशवी रुंदीला दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के आणि लांबीला ८० ते १०० टक्के. इथे एक गोष्ट लोक हमखास उलटी समजतात. मोठ्यांचा पट्टा बारीक दंडाला गुंडाळला तर बीपी कमी दाखवतं, जास्त नाही. जास्त दाखवतो तो लहान पडणारा पट्टा. त्यामुळे "कॅम्पात मोठ्यांचा पट्टा होता म्हणून जास्त आलं असेल" अशी समजूत घालून घेऊ नका, तसं असेल तर खरा आकडा वरचाच निघेल.

आता हे का होतं ते सांगते. किडनीत रक्त गाळणारे जे बारीक बारीक नेफ्रॉन असतात ते पोटात असतानाच तयार होतात, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत, आणि त्यातले निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत. बाळ तिसाव्या आठवड्यात बाहेर आलं तर ते काम बाहेर थोडे आठवडे चालू राहतं आणि मग थांबतं, पुढे आयुष्यभर एकही नवीन नेफ्रॉन होत नाही. कारखान्यात माग कमी आणि ऑर्डर तेवढीच, मग प्रत्येक माग जादा पाळ्या मारणार आणि लवकर झिजणार, हे सोलापूरकराला मी काय सांगायचं. शिवाय रक्तवाहिन्या थोड्या कमी लवचिक राहतात. हे सगळं धरून अपुऱ्या दिवसांच्या मुलांचं वरचं बीपी मोठेपणी इतरांपेक्षा सरासरी २ ते ४ पॉइंटनी जास्त भरतं. बास, एवढंच. घाबरून जाण्यासारखं काही नाही, बऱ्याच मुलांना कधीच त्रास होत नाही, पण त्यावर मीठ, वजन, तंबाखू, जागरणं अशी भर पडत गेली की तेच २-४ पॉइंट चाळिशीत नडतात.

डॉक्टर बहुतेक लघवीची तपासणी आणि किडनीची सोनोग्राफी सांगतील, करून घ्या, दोन्ही साध्या तपासण्या आहेत. घरात मीठ कमी, म्हणजे फक्त त्याचं नाही, सगळ्यांचं. आपल्याकडे भाजीत मीठ बेताचं असतं हो, पण ताटात शेंगाचटणी, लोणचं, पापड आणि चार वाजता पुडीतलं खारं, तिथे गडबड होते. शेंगाचटणी बंद करा असं मी म्हणणार नाही (सोलापुरात राहायचंय मला), घरी करताना मीठ निम्मं घाला, आठवड्यात जीभ सवय करून घेते.

अजून एक. त्याच २०१७ च्या नियमांत असं आहे की एरवी मुलांचं बीपी तीन वर्षांपासून वर्षातून एकदा बघायचं, पण ३२ आठवड्यांच्या आत झालेल्या मुलांचं तीन वर्षांच्या आधीपासून, प्रत्येक व्हिजिटला. आपल्या ओपीडीत वजन होतं, उंची कधीतरी होते, बीपी जवळपास कधीच होत नाही, गर्दीच तेवढी असते. तुम्ही तोंड उघडून मागा.

आणि ताई तुमचं स्वतःचं बीपी कधी बघितलंय? पत्रात लिहिलं नाहीत. ज्या बाईची डिलिव्हरी दिवस भरायच्या आधी होते, त्यात पुन्हा गरोदरपणात बीपी वाढलेलं असेल तर जास्तच, तिला स्वतःला पुढे बीपी, शुगर आणि हृदयाचा त्रास व्हायची शक्यता इतर बायकांपेक्षा वाढलेली असते. हे बायकांना कोणी सांगत नाही, सगळं लक्ष बाळावर. पोराला नेताय तेव्हा स्वतःचा पण हात पुढे करा.

प्रश्न : नात आठव्या महिन्यात झाली. लोकं म्हणायची सातव्यातलं जगतं आठव्यातलं जगत न्हाई, पण जगली बगा. आता चार वर्षाची हाय, साडेतेरा किलो. लई बारीक, फासळ्या मोजून घ्याव्यात. मी डिंकाचे लाडू, तूपसाखर, क्रीमरोल, दुधात पावडर सगळं देते तर सून आडवी येती. अंग कधी धरणार पोरगी? (आजी, विडी घरकुल)

उत्तर : आजी, पहिलं ते सातव्या-आठव्याचं डोक्यातून काढून टाका. पोटात जितका आठवडा जास्त तितकं बाळाला बरं, आठव्यातल्या बाळाचं जगणं सातव्यातल्यापेक्षा सोपंच असतं. त्या म्हणीपायी किती आया उगीच रडल्यात.

आता वजन. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलीचं मधलं वजन १६ किलोच्या आसपास आहे आणि १२ किलो ३०० च्या खाली गेलं तर कमी वजन म्हणतात. तुमची नात साडेतेरा, म्हणजे बारीक अंगाची आहे, कुपोषित नाही. उंची तुम्ही कळवली नाही, ती बघायला हवी. उंची दरवर्षी नीट वाढतीये, खेळती आहे, सारखी आजारी पडत नाही, तर तिला "अंग धरायला" लावू नका.

का ते सांगते, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. रंजन याज्ञिक आणि त्यांच्या लोकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. तिथली बाळं त्यांनी इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून बघितली. आपली २ किलो ७०० ची, त्यांची साडेतीन किलोची, पण कमी पडलेलं वजन सगळं स्नायूंचं आणि आतल्या अवयवांचं होतं, कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं पण आतून चरबीचं बाळ. याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या एका डॉक्टर मित्राचा फोटो शेजारी शेजारी छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखा, २२.३, आणि अंगातली चरबी मित्राची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२. म्हणून काट्यावरचा आकडा आपल्या लोकांबद्दल अर्धंच सांगतो. ती गावातली बाळं बहुतेक पूर्ण दिवसांची होती हे खरं, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांचंही तसंच दिसतं, दिवस भरायच्या तारखेला मोजलं तर त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबीचं प्रमाण जास्त निघतं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला २००४ मध्ये चार ते दहा वर्षांची मुलं तपासली, तर कमी दिवसांच्या मुलांचं शरीर साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला तितकं जुमानत नाही असं तेव्हाच दिसलं. आता अशा मुलीला रोज तूपसाखर आणि क्रीमरोल दिलं तर ते स्नायूत जात नाही हो, पोटावर बसतं.

दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मेंदू वाढत असतो, मागे पडलेलं भरून निघायलाच हवं, तिथे मी आजीच्या बाजूने. (आणि तोपर्यंत वय पण दुरुस्त करून मोजायचं, म्हणजे दोन महिने आधी झालेलं बाळ सहा महिन्यांचं असेल तर ते चार महिन्यांचं धरायचं. हे न केल्याने किती बाळं उगीचच "मागे" ठरतात.) दोननंतर भरभर वजन चढवायचा नाद सोडायचा.

मग द्यायचं काय? ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, चालत असेल तर रोज एक अंडं, दही, भिजवलेल्या शेंगा, केळं. दुधात साखरेची पावडर नको, दूध नुसतं. डिंकाचा लाडू थंडीत अधूनमधून एखादा चालेल, रतीब लावल्यासारखा रोज नको. आणि तिच्यासमोर बारीक बारीक म्हणणं बंद करा. सून आडवी येते ती या बाबतीत बरोबर आहे, तिला हे दाखवू नका म्हणजे झालं.

प्रश्न : सातवा महिना लागलाय, पोट कडक होतंय म्हणून ॲडमिट केलंय. डॉक्टरांनी बाळाच्या फुप्फुसासाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली. नेटवर वाचलं की स्टिरॉइडने पुढे बाळाला बीपी, शुगर होते. नको म्हणायला हवं होतं का? (बार्शी)

उत्तर : अजिबात नाही. ही इंजेक्शनं ऑकलंडच्याच लिगिन्स आणि होवी या दोन डॉक्टरांनी १९७२ मध्ये माणसांवर सिद्ध केली, त्याआधी लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते आणि स्टिरॉइड दिलेली कोकरं वेळेच्या खूप आधी होऊनही श्वास घेतायत हे बघून त्यांच्या डोक्यात ते आलं. त्या प्रयोगातली बाळं ३० वर्षांची झाली तेव्हा त्यांना पुन्हा बोलावून तपासलं. बीपी, कोलेस्टेरॉल, हृदय यात इंजेक्शन मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत फरक नव्हता, फक्त इन्सुलिनच्या बाबतीत किंचित फरक होता, डायबेटिस वाढलेला नव्हता. समोर बाळाचा श्वास असताना हा हिशोब करायचाच नसतो. तुम्ही शांत पडून राहा. आणि मिश्री लावत असाल तर आजच सोडा, अगदी चिमूटभर असली तरी, मुंबईतल्या बायकांच्या अभ्यासात तोंडातल्या तंबाखूने बाळाचं वजन घटतं आणि दिवस पण कमी भरतात हे दिसलेलं आहे.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, ३२ व्या आठवड्यातली. पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे होम मैदानावर पळायला जाते. ८०० मीटरला शेवटी दम लागतो. कोणीतरी सांगितलं अशा मुलांचं हृदय लहान असतं, पळू देऊ नका. बंद करू का? (वडील, अशोक चौक)

उत्तर : बंद करू नका साहेब, उलट हेच तिचं औषध आहे. त्या कोणीतरीने अर्धवट ऐकलंय. ऑक्सफर्डच्या लोकांनी २०१३ मध्ये विशी-तिशीतल्या अशा माणसांच्या हृदयाचे एमआरआय काढून बघितले, डाव्या कप्प्याची भिंत थोडी जाड, आतली जागा थोडी कमी, आकार जरा आखूड असं दिसलं. कारण जन्माबरोबर हृदयावरचा दाब एकदम वाढतो आणि या बाळांच्या हृदयाला तो वेळेआधी झेलावा लागतो. पण ही माणसं आजारी नव्हती, आपापली कामं करत होती. आणि तो फरक ३२ व्या आठवड्याला २६ व्यापेक्षा पुष्कळ कमी.

८०० मीटरच्या शेवटी दम सगळ्यांनाच लागतो, तो लागायलाच पाहिजे. तुम्ही एवढं बघा : पळताना छातीत दुखतं का, चक्कर येऊन पडली का कधी, छातीत धडधड थांबतच नाही असं होतं का, की पळून झाल्यावर खोकला आणि शिट्टीसारखा आवाज येतो? पहिल्या तिन्हींत हृदयाच्या डॉक्टरांकडे, इको आणि ईसीजी, तोवर पळणं थांबवायचं. शेवटचं असेल तर फुप्फुसाची तपासणी, कारण या मुलांत हृदयापेक्षा फुप्फुसाचीच तक्रार जास्त वेळा निघते आणि ती पंपने आटोक्यात येते. यातलं काही नसेल तरी बीपी एकदा बघून ठेवा आणि पळू दे. मार्चनंतर मात्र सातच्या आत घरी, सोलापूरचं ऊन आहे ते.

पुढेमागे तिचं लग्न होईल, दिवस जातील, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना ती स्वतः ३२ व्या आठवड्याची आहे हे सांगायला सांगा. अशा मुलींना स्वतःच्या गरोदरपणात बीपी वाढायची शक्यता थोडी जास्त असते आणि ते आधीच माहीत असलेलं बरं.

प्रश्न : वय ३४, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. वजन बेताचं, घरात कोणाला शुगर नाही. कंपनीच्या तपासणीत एचबीएवनसी ५.९ आली. आई बोलता बोलता म्हणाली तू सातव्या महिन्यातला, कापसात गुंडाळून वाढवलंय तुला. याचा काही संबंध आहे का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : असू शकतो. एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज, ती ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, अजून आत नाही. स्वीडनमध्ये १९७३ पासून प्रत्येक जन्माची नोंद आठवड्यांसकट ठेवलेली आहे, त्यामुळे ती बाळं मोठी झाल्यावर त्यांचं काय झालं हे त्यांना लाखोंच्या हिशोबात सांगता येतं. त्यात वेळेआधी जन्मलेल्यांना बीपी आणि डायबेटिस दोन्ही इतरांपेक्षा जास्त निघालं, आणि तिशी ते त्रेचाळिशीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार साधारण दीडपट. दीडपट ऐकून छातीला हात लावू नका, त्या वयात तो मुळातच फार थोड्यांना होतो, थोड्याच्या दीडपट म्हणजे थोडाच. पण तुम्ही वर भारतीय आहात, म्हणजे याज्ञिकांचं ते वर सांगितलेलं गणित तुम्हालाही लागू. वजन बेताचं आहे यावर निर्धास्त राहू नका, कमरेला टेप लावा, पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

मला वाईट याचं वाटतं की तुमच्या डॉक्टरांनी घरात कोणाला शुगर आहे का, विडी-तंबाखू आहे का हे सगळं विचारलं असणार, पण किती महिन्यांचे जन्मलात हे विचारलं नसणार. मोठ्यांचे डॉक्टर हे विचारतच नाहीत. आणि मुलांच्या डॉक्टरांकडची फाइल बारा-चौदा वर्षांनी घर रंगवताना रद्दीत जाते. तुमच्या वेळचं कार्ड काही आता मिळायचं नाही, आईकडून आठवतंय तेवढं लिहून घ्या, कितवा महिना, वजन किती, हॉस्पिटलात किती दिवस, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला स्वतःहून सांगा. ज्यांची मुलं आज पेटीतून घरी आलीयेत त्यांनी डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून मुलाच्या नावाने जपून ठेवावा, त्यात आठवडे आणि वजन दिसलं पाहिजे, बाकी बिलं फेकलीत तरी चालेल.

तुम्ही करायचं ते असं : रात्रपाळी असेल तर तीन वाजताचा गोड चहा आणि वडा बंद, जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, आठवड्यात दोन-तीनदा जोर-बैठका किंवा वजनं (स्नायू कमी आहेत ते वाढवायचेत, नुसतं चालून होत नाही), तंबाखू असेल तर सोडणं. तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी परत, त्याबरोबर बीपी, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी).

प्रश्न : घरी मुलासाठी बीपीचं मशीन घ्यावं का? मनगटावरचं चालेल? (होटगी रोड)

उत्तर : डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच घ्या, नाहीतर रोज मोजून मोजून घरादाराचं बीपी वाढेल. मनगटावरचं मुलांना नको. दंडावरचं घ्या आणि त्याला लहान मापाचा पट्टा वेगळा मिळतो का ते दुकानात आधी विचारा, बहुतेक मशिनींबरोबर मोठ्यांचाच येतो. घेतल्यावर एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघा. आणि मशीन घ्यायचं नसेल तर शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते, अंगणवाडीत दोनदा, ते फुकट असतं, त्या दिवशी मुलाबरोबर चिठ्ठी द्या की हा अपुऱ्या दिवसांचा आहे, बीपी बघाल का.